क्वार्टरबॅकची पँट आणि माझे गॅलिस

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. आमच्या वॉलनट फोर्ड गावात फुटबॉल मला जेवढा कळतो तेवढा दुसऱ्या कुणालाही कळत नाही! हे मी गर्वानं सांगत नाहीये. गर्व मला जमतच नाही. अख्ख्या ओहायोत माझ्याइतका नम्र माणूस शोधून दाखवा! पण जो माणूस एकोणीस वर्षं शाळेच्या मैदानावर माईक धरून प्रत्येक सामन्याच्या घोषणा करतोय, त्याला चार गोष्टी जास्त कळणारच की नाही?

माझं नाव वेंडेल क्राउझ. आठवडाभर हार्डवेअरच्या दुकानात खिळे विकतो. पण शनिवारी दुपारी मी मैदानाशेजारच्या लोखंडी जिन्याच्या बावन्न पायऱ्या चढतो, वरच्या काचेच्या खोलीत बसतो, माईकवर दोनदा टकटक करतो आणि म्हणतो, "नमस्कार, वॉलनट फोर्ड!" खालची अकराशे माणसं ओरडतात. बाकीची गावं शुक्रवारी संध्याकाळी खेळतात, पण आमच्या मैदानाचे दिवे चार वर्षांपूर्वी गेले ते गेलेच, म्हणून आम्ही शनिवारी दुपारी खेळतो. खरं सांगतो, तो माईक म्हणजे माझा जीव की प्राण आहे. घरात माझं कुणी ऐकत नाही. दुकानात गिऱ्हाईक ऐकत नाही. तिथं मात्र अकराशे माणसांना ऐकावंच लागतं!

आणि यंदा तोच माईक जायची वेळ आली होती. कारण अगदीच किरकोळ. सप्टेंबरात एका पंचाबद्दल मी माईकवरून म्हणालो की याला चष्मा नको, काठी द्या. आणि ऑक्टोबरात शाळेच्या वार्षिक मेळाव्यात निवडलेल्या राणीला मुकुट घालताना मी सहज म्हणालो की गेल्या वर्षीची जास्त उंच होती. झालं! मुख्याध्यापिका टॉमचाकबाईंनी मला ऑफिसात बोलावून घेतलं.

"मिस्टर क्राउझ, यापुढे नाव, नंबर आणि यार्ड. बस्स! तुमचं मत नको. पुन्हा एकदा जरी मत ऐकू आलं, तर माईक डॉक्टर पेल्हॅम यांच्याकडे जाईल."

डॉक्टर पेल्हॅम म्हणजे आमचे दाताचे डॉक्टर. तीन वर्षं माझ्या माईकवर डोळा ठेवून होते. मी निमूटपणे मान डोलावली.

पण मत काय, रस्त्यावर सांडलेलं असतं का? ते पोटात असतं, आणि कुठूनतरी बाहेर यावंच लागतं. आणि यंदा तर मतं व्हायला टेट ब्रुनर होता!

टेट आमचा नवा क्वार्टरबॅक. वय वर्षं सोळा. क्वार्टरबॅक म्हणजे दर वेळी चेंडू ज्याच्या हातात येतो आणि गाव ज्याच्या बोकांडी बसतं तो. जिंकलं की संघ जिंकतो. हरलं की हा एकटा हरतो. टेटवरून गावात उभे दोन तट पडले होते. डेल ओस्टरमन, आमचा न्हावी, म्हणायचा की शंभर वर्षांत असा पोरगा झाला नाही. मी म्हणायचो की होईल चांगला, पण अजून कच्चा आहे. एकदा तर माझे अर्धेच केस कापलेले असताना डेलनं कात्री खाली ठेवली आणि म्हणाला, "आधी शब्द मागे घे, मग कानावरचे कापतो!" मी तस्साच घरी गेलो. तत्त्व म्हणजे तत्त्व!

तर नोव्हेंबरचा पहिला शनिवार. सामना पोर्ट हॅस्कलशी. नदीपलीकडचं गाव. त्यांच्या संघाचं नाव वाघ. आमच्या संघाचं नाव मस्करॅट्स, म्हणजे पाण्यातले उंदीर, कारण आमच्या पूर्वजांना नाव ठेवताना नदीत तेवढंच दिसलं. सात वर्षं आम्ही पोर्ट हॅस्कलला हरवलं नव्हतं. यंदाही हरलो असतो तर काय झालं असतं ते सांगायला नको. दुकानात पोर्ट हॅस्कलचं गिऱ्हाईक येतं आणि उगाचच हसून जातं.

त्या दिवशी थंडी मी म्हणत होती. आम्ही वरच्या खोलीच्या सगळ्या काचा घट्ट लावून घेतल्या आणि हीटर पूर्ण सोडला. खोलीत आम्ही तिघं. मी माईकवर, डेल माझा मदतनीस, कुणी चेंडू घेतला त्याचा नंबर सांगायला. आणि फ्लॉइड पिकेट गुणफलकाची बटणं दाबायला. फ्लॉइडच्या मते फुटबॉल एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली संपला. त्या साली तो स्वतः संघात होता. बाकावर.

आता माईकचं ऐका. जुना माईक. बोलायचं तर बटण दाबून धरावं लागतं, सोडलं की बंद. एकोणीस वर्षं दाबून दाबून माझा अंगठा दुखायला लागला होता. हार्डवेअरवाला माणूस काय करेल? मी घरून लॉरेनचा, म्हणजे माझ्या बायकोचा, कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा आणला आणि बटणावर बसवला. बोलायचं तेव्हा चिमटा लावायचा, झालं की काढायचा. हात मोकळे! एका हातात दुर्बीण, एका हातात हॉटडॉग!

"बघ, डेल," टोपी मागे सरकवत मी म्हणालो, "असले चिमटे मी शिकागोच्या स्टेडियमलाही सुचवले होते."

डेलनं टोपीकडे बघितलं आणि नुसतंच "हं" केलं.

पूर्वार्ध संपला तेव्हा पोर्ट हॅस्कल चौदा, आम्ही दहा. मी घोषणा केली, "आता मध्यंतर. बँडचं स्वागत करा, गेल्या वर्षीपेक्षा बरा वाजवतो!" असं काही मी म्हणालो नाही, कारण मी शहाणा झालो होतो. मी एवढंच म्हणालो, "मध्यंतर. बँड. खाण्याचा स्टॉल उजवीकडे." नाव, नंबर, यार्ड! मत नाही! मग समाधानानं मी खुर्चीत मागे रेललो, पाय टेबलावर ठेवले आणि हॉटडॉगचा घास घेतला.

चिमटा बटणावर तसाच होता.

"पोरगा म्हणजे सोनं आहे, सोनं!" डेलनं सुरुवात केली. "त्या शेवटच्या पासला चेंडू बघितलास? सुतासारखा सरळ!"

"खांदा चांगला आहे, नाही कुठं म्हणतोय मी!" मी म्हणालो. "खांदा देवानं दिलाय. पण डोकं अजून पोस्टात आहे! चेंडू हातात आला की शोकेसमधली बाहुली बघावी तसा बघत उभा राहतो. अरे, फेक ना!"

"चौऱ्याहत्तर साली आम्ही फेकतच नव्हतो," फ्लॉइड म्हणाला. "सरळ धावायचो."

"तू बसायचास, फ्लॉइड."

"शांत आहे रे पोरगा," डेल म्हणाला. "चार जणांनी चिखलात पाडलं तरी उठून हसतो. याला म्हणतात छाती!"

"हसतो, कारण आपल्याला का पाडलं हे त्याला कळलेलंच नसतं! आणि आवाज? क्वार्टरबॅक कसा ओरडला पाहिजे! हा तर लायब्ररीत पुस्तक मागितल्यासारखं बोलतो."

"सोळा वर्षांचा आहे तो, वेंडेल! सोळाव्या वर्षी तू काय करत होतास?"

"मला माहितीये!" फ्लॉइड एकदम जागा झाला. "हा शाळेच्या बँडमध्ये झांजा वाजवायचा!"

"आणि त्यासुद्धा चुकीच्या वेळी," डेल म्हणाला.

खाली बँड वाजायचा थांबला होता. आम्हाला वाटलं, गाणं संपलं. काचेतून बघितलं तर अकराशे माणसं मान वर करून आमच्याकडेच बघत होती. कुणी हात हलवत होतं, कुणी दोन्ही हात, कुणी तर गळ्यावरून बोट फिरवत होतं. ट्यूबा वाजवणाऱ्या पोरी जागच्या जागी खिळल्या होत्या.

"बघ, गावाचं प्रेम!" मी म्हणालो आणि हात हलवला. डेलनंही हलवला. फ्लॉइडनं तर उभं राहून सलाम ठोकला.

माझा फोन टेबलावर पुन्हा पुन्हा थरथरत होता. लॉरेन. ती खाली स्टॉलवर चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा घट्ट रस्सा, आणि हॉटडॉग विकत होती.

"घे की फोन," डेल म्हणाला.

"काही नाही रे, मीठ संपलं असेल. यंदाची तिची चिली खाल्लीस? भिंतीला कागद चिकटवायला घे, दहा वर्षं निघणार नाही!"

फोन गप्प झाला. नंतर कळलं, तिनं नाद सोडला होता.

आता डेलनं मला टोचायला सुरुवात केली. "तू नुसता बोलतोस. पुरावा काय? कच्चा, कच्चा! काय कच्चं आहे ते सांग की एकदा!"

वाचकहो, इथं मी थांबायला हवं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला! तीन सामने दुर्बीण लावून मी एक गुपित शोधलं होतं. ना प्रशिक्षकाला माहीत, ना पोराला. मी ते जपून ठेवलं होतं. असल्या गोष्टी योग्य वेळी सांगितल्या की माणसाचं वजन वाढतं.

"पुरावा हवा?" मी पाय खाली घेतले. "ऐक! पोराला डावीकडे फेकायचं असलं ना, की तो आधी पँट वर ओढतो. दोन्ही हातांनी! उजवीकडे फेकताना कधीच नाही. तीन सामन्यांत एकवीस वेळा मोजलंय. पँट ओढली की डावीकडे! पोर्ट हॅस्कलच्या त्या बैलांना हे कळलं ना, तर आपलं वाटोळं झालं म्हणून समज!"

"खरंच की!" डेलचा जबडा खाली आला. "मघाशीही ओढली होती!"

"मग! आता कापशील का कानावरचे?"

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. दारात अर्लीन ब्रुनर, टेटची आजी. वय अठ्ठ्याहत्तर. बावन्न पायऱ्या चढून आली होती आणि मला वाटतं श्वासही घेतला नव्हता. या बाईनं पन्नास वर्षं शाळेची बस चालवली. मीही लहानपणी तिच्याच बसमधून जायचो.

"वेंडेल क्राउझ!"

"काय मिसेस ब्रुनर?" मी ताडकन उभा राहिलो.

"खाली बस!"

मी बसलो. त्या आवाजाला आजही गावातली साठीची माणसं खाली बसतात. फ्लॉइडसुद्धा बसला, तो आधीच बसलेला असून. अर्लीननं पुढे होऊन माईकवरचा चिमटा उपटला आणि माझ्या नाकासमोर धरला.

"सगळं ऐकू गेलंय," ती म्हणाली. "पहिल्या शब्दापासून. पोस्टातलं डोकं, झांजा, चिली, सगळं!"

माझ्या हातातला हॉटडॉग खाली पडला. आमच्याकडे खेळाडूंच्या खोल्या मैदानापासून अर्धा मैल लांब, शाळेत आहेत, त्यामुळे मध्यंतरात दोन्ही संघ मैदानाच्या दोन टोकांना गवतावरच बसतात. काचेतून मी पोर्ट हॅस्कलच्या टोकाला बघितलं. त्यांचा प्रशिक्षक गुडघ्यावर वही ठेवून भराभर लिहून घेत होता. मग आमच्या टोकाला बघितलं. टेट मान खाली घालून स्वतःच्या पँटकडे बघत होता.

"आणि तो पँट का ओढतो ते सांगू?" अर्लीन म्हणाली. "त्याला शाळेनं गेल्या वर्षीच्या त्या जाड्या पोराची पँट दिलीये! ऑगस्टपासून सांगतेय मी. डावीकडे फेकायचं तर अख्खी कंबर फिरवावी लागते, मग घसरणार नाही तर काय? दोष शोधायला दुर्बीण आहे तुझ्याकडे. पट्टा नाही मिळाला तुझ्या दुकानात?"

ती गेली.

"डॉक्टर पेल्हॅम मात्र स्पष्ट बोलतात हं," फ्लॉइड म्हणाला.

उत्तरार्ध मी विसरायचा प्रयत्न करतोय. टेटनं पहिल्यांदा चेंडू घेतला, सवयीनं हात कंबरेकडे गेले, आणि पोर्ट हॅस्कलचे अकराच्या अकरा बैल ओरडले, "पँट!" सगळे डावीकडे धावले. चेंडू त्यांच्यातल्याच एकानं झेलला. पुढच्या वेळीही तेच! मग पोरानं पँटला हात लावायचाच नाही असं ठरवलं. परिणाम? पँट खाली उतरायला लागली. पोरगा पळताना गुडघे जवळ घेऊन पळायला लागला. एकदा पळता पळता पँटमध्येच अडकून पडला, आणि पडल्यावर पहिल्यांदाच हसला नाही.

आणि मी वर बसून माईकवरून म्हणतोय, "ब्रुनर, बारा नंबर, उणे चार यार्ड." आवाज असा निघत होता की जणू मीच दाताच्या डॉक्टरकडे जाऊन आलोय. मला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. एवढ्याशा सोळा वर्षांच्या पोराला मी अकराशे लोकांसमोर उघडं पाडलं होतं, आणि आता तर तो खरोखरच उघडा पडायच्या बेतात होता.

चौथा आणि शेवटचा भाग सुरू झाला आणि खालून बसच्या हॉर्नसारखा आवाज आला.

"वेंडेल! गॅलिस!"

अर्लीन खोलीच्या बरोब्बर खाली उभी होती, हात वर पसरून. मी पँट धरून ठेवायला नेहमी खांद्यावरून जाणारे लाल गॅलिस वापरतो. पट्टा मला मानवत नाही, पोट मोठं म्हणून नव्हे, पट्टे लहान म्हणून. मी बावचळलो. "आत्ता? सगळ्यांसमोर?"

"काढ म्हणते ना!"

मी काढले. खिडकी उघडली आणि खाली टाकले. अकराशे माणसांनी ते लाल गॅलिस हवेतून तरंगत येताना पाहिले, आणि पोर्ट हॅस्कलच्या प्रशिक्षकानंही पाहिले. हे लक्षात ठेवा. त्या क्षणापासून माझा डावा हात माझ्याच पँटला कायमचा बांधला गेला. माईक उजव्या हातात, चिमटा दातांत.

टेटनं गॅलिस जर्सीच्या आतून चढवले आणि मैदानात गेला. पँट जागच्या जागी! धावला, पडला, उठला, पँट हलली नाही. पण गुण काही होईनात. शेवटी फलकावर चार सेकंद उरले. आम्ही अजून चौदा-दहा मागे. चेंडू त्यांच्या टोकापासून तीस यार्डांवर. हा शेवटचा डाव.

टेटनं चेंडू घेण्याआधी दोन्ही हात कंबरेवर नेले आणि पँट वर ओढली. नुसती ओढली नाही, छातीपर्यंत ओढली! कोंबडा पंख झाडतो तशी दोनदा!

"मेलो!" मी म्हणालो. नशीब, चिमटा दातांत होता.

"पँट! पँट! पँट!" पोर्ट हॅस्कलचा अख्खा संघ डावीकडे सुटला. त्यांचे बाकावरचे राखीवसुद्धा डावीकडे सरकले. टेट शांतपणे उजवीकडे वळला. तिकडे आमचा एक हडकुळा पोरगा एकटाच उभा होता, रस्ता चुकल्यासारखा. चेंडू सुतासारखा सरळ गेला. पोरानं झेलला, आणि चालत, अक्षरशः चालत, रेषेपलीकडे गेला. टचडाऊन! सहा गुण! सोळा-चौदा! सात वर्षांनी!

डेलनं मला मिठी मारली, मी त्याला एका हातानं मिठी मारली. फ्लॉइड रडत होता. आणि तेवढ्यात खालून आवाज आला, "वेंडेल! वेंडेल! वेंडेल!"

मला कळेना. मग जिन्यावरून टॉमचाकबाई आल्या, धापा टाकत, डोळ्यांत पाणी.

"मिस्टर क्राउझ! काय हे डोकं! आधी सगळ्यांना ऐकवायचं की पँट म्हणजे डावीकडे, मग पोराला गॅलिस द्यायचे, आणि शेवटी उजवीकडे! आणि मी तुम्हाला मूर्ख समजत होते! माईक जन्मभर तुमचा!"

डेलनं माझ्याकडे बघितलं. मी डेलकडे बघितलं. माईक बगलेत मारला, आणि मोकळ्या झालेल्या हातानं टोपी मागे सरकवली.

"म्हणजे काय, मॅडम," मी म्हणालो, "थोडंसं डोकं लढवलं. गावासाठी."

तो सुखाचा क्षण किती टिकला? टॉमचाकबाईंच्या मागून जिन्यावर आणखी दोन माणसं चढून येईपर्यंत. एक मुख्य पंच आणि दुसरा पोर्ट हॅस्कलचा प्रशिक्षक गॅरिटी, हातात ती वही.

"ऐकलंत ना पंचसाहेब!" गॅरिटी गरजला. "स्वतःच्या तोंडानं कबूल केलं यानं! लाऊडस्पीकरवरून समोरच्या संघाला फसवणं नियमाविरुद्ध आहे. निकाल रद्द झाला पाहिजे! पुरावा हवा? त्या पोराच्या खांद्यावर कुणाचे गॅलिस आहेत? आणि या माणसाची पँट बघा!"

सगळ्यांनी माझी पँट बघितली. मी ती जास्तच घट्ट धरली.

पंच गंभीर झाले. "मिस्टर क्राउझ, मुद्दाम केलं असेल तर निकाल रद्द करायची शिफारस मला करावी लागेल. नुसता निष्काळजीपणा असेल, तर निकाल राहील. बोला, मुद्दाम केलंत की चुकून झालं?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मुद्दाम म्हणालो, तर माईक जन्मभर माझा, पण सात वर्षांनी मिळालेला विजय गेला. चुकून म्हणालो, तर विजय राहिला, पण मत ऐकू गेलं म्हणजे माईक गेला. खाली अजून "वेंडेल, वेंडेल" चाललं होतं. एकोणीस वर्षांत माझं नाव असं कुणी घेतलं नव्हतं हो! मी काचेतून खाली बघितलं. टेट बाकावर बसला होता, अर्लीन रुमालानं त्याच्या तोंडावरचा चिखल पुसत होती, आणि पोरगा हसत होता. पाडल्यावर हसतो तसा. मला वाटायचं, त्याला काही कळत नाही म्हणून हसतो. मी पंचांकडे वळलो.

"चुकून झालं," मी म्हणालो.

"असं हळू नाही!" गॅरिटी म्हणाला. "लाऊडस्पीकरवरून ऐकवलंस, आता लाऊडस्पीकरवरूनच सांग!"

मग मी चिमटा लावला. उजव्या हातात माईक धरला, डाव्या हातात पँट. माईकवर टकटक करायला हात उरला नव्हता.

"नमस्कार, वॉलनट फोर्ड. मी वेंडेल क्राउझ. मध्यंतरात जे ऐकलंत त्यात कसलाही डाव नव्हता. मी चिमटा काढायला विसरलो आणि मूर्खासारखा बोलत बसलो. डोकं मी लढवलेलं नाही. शेवटच्या पासचं डोकं टेट ब्रुनरचं. ते पोस्टात नव्हतं, त्याच्याकडेच होतं. आणि झांजांचं खरं आहे."

पण पंच मान हलवत होते. "माझा विश्वास बसत नाही. बारा मिनिटं माईक चालू, अख्खं मैदान हातवारे करतंय, आणि माणसाला पत्ता नाही? इतका बावळट माणूस असू शकत नाही!"

"असू शकतो," दारातून आवाज आला.

लॉरेन! अंगात स्टॉलचा ॲप्रन, हातात चिलीचा मोठा डाव.

"तुम्ही कोण, मॅडम?"

"याची बायको. चौतीस वर्षं झाली."

"मग तुम्हीच सांगा. यांनी हे मुद्दाम केलं असेल?"

"मुद्दाम? हा?" लॉरेन अगदी शांतपणे म्हणाली, आणि चिमटा अजून बटणावरच होता. "पंचसाहेब, या माणसानं आयुष्यात एकही गोष्ट मुद्दाम केलेली नाही. मला पहिल्यांदा नाचायला बोलावलं तेव्हासुद्धा तो माझ्या बहिणीला शोधत होता! मी बारा मिनिटांत सात वेळा फोन केला. सात वेळा! आणि हा वरून मला हात हलवतोय. याला डाव रचता आला असता, तर घरी परत यायचं असताना हा माझ्या चिलीबद्दल असं बोलला असता का?"

खाली अकराशे माणसं हसून लोळायला लागली. पोर्ट हॅस्कलची बाजूसुद्धा! गॅरिटीनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, वही मिटली आणि म्हणाला, "मीही विवाहित आहे. तक्रार मागे घेतो."

पंचांनी शिट्टी खिशात टाकली. निकाल कायम झाला. टॉमचाकबाईंनी माझ्या हातातून माईक हळूच काढून घेतला. मी दोन्ही हातांनी पँट धरून बावन्न पायऱ्या उतरलो.

आता माईकवर डॉक्टर पेल्हॅम असतात. नाव, नंबर, यार्ड. एका सामन्यात त्यांनी टचडाऊनची घोषणा अशी केली की अर्ध्या लोकांनी तोंडं उघडली. शाळेनं टेटला मापाची पँट दिली, पण गॅलिस त्यानं परत केले नाहीत. म्हणतो, शुभ आहेत. मी खाली प्रेक्षकांत अर्लीनशेजारी बसतो. मधूनच मत यायला लागतं. ती नुसती माझ्याकडे बघते, आणि मी खाली बसतो.

पुढच्या शनिवारी टेट माझ्याकडे आला होता. "मिस्टर क्राउझ, थँक्यू. मी पँट ओढतो हे मला स्वतःला माहीतच नव्हतं. मग ते अकरा जण ओरडत धावले तेव्हा वाटलं, हे मला बघतच नाहीयेत, पँट बघतायत."

"अरे, त्यात काय एवढं," मी म्हणालो.

"तुमचंही एक सांगू का? राग नका मानू." पोरगा जरा लाजला. "तुम्ही थाप मारणार असलात ना, की आधी टोपी मागे सरकवता. सगळ्या गावाला माहितीये. म्हणूनच त्या दिवशी आम्हाला लगेच पटलं. एका हातात माईक होता, एका हातात पँट. टोपीला हातच नव्हता."

मी घरी येऊन आरशासमोर तासभर बसलो. एकसष्टाव्या वर्षी हे कळलं!

असो. जे झालं ते झालं, मला त्याचं काही वाटत नाही. आणि आता विषय निघालाच आहे तर फक्त तुम्हाला म्हणून सांगतो. माईक चालू आहे याची मला मनातून थोडीशी कल्पना होतीच. पोर्ट हॅस्कलला हरवायचं तर असंच काहीतरी करायला लागणार, हे मी आधीच—

"वेंडेल," समोर बसलेल्या लॉरेननं विणकामातून मान वर न करता म्हटलं, "टोपी सोड."